साडेतेरा हजार अक्षरे आणि तीन वाघ

डिसेंबर २०२४ संपता संपता नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. माणसांशी संघर्ष झाला म्हणून हे वाघ चंद्रपूरकडून इथे आणलेले होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि नवे वर्ष उजाडताच अहवाल आला: एच५एन१. ज्याला आपण बर्ड फ्लू म्हणतो, तो कोंबड्यांचा रोग वाघाला झाला होता. संशय होता तो खाण्यातल्या कोंबडीवर.

त्याआधी दहाच महिने, मार्च २०२४ मध्ये, याच शहरातल्या शासनाच्या प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रात हाच रोग निघाला होता. साडेआठ हजारांच्या आसपास पक्षी मारावे लागले, सोळा हजारांवर अंडी नष्ट करावी लागली. कोंबड्या आणि वाघ, दोन्ही बातम्या एकाच शहरातल्या. दोन्हींच्या मुळाशी असलेला विषाणू इतका लहान आणि त्याचे आकडे इतके मोठे आहेत, की एकदा शांतपणे हिशेब मांडून पाहायला हवा. हा लेख म्हणजे तोच हिशेब.

१०० नॅनोमीटर

बर्ड फ्लूच्या विषाणूचा एक कण साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे दहा हजार कण शेजारी शेजारी बसतील. आता हा कण फुगवून नागपुरी संत्र्याएवढा करा आणि त्याच प्रमाणात कोंबडीही फुगवा. तिची चोच नागपुरात असेल तर शेपटी भोपाळला पोचेल, म्हणजे जिथे तिचा नमुना तपासला जातो तिथपर्यंत.

या कणाच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यातल्या एका प्रकाराचे नाव हिमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचे न्युरामिनिडेज. ‘एच’ आणि ‘एन’ ही आद्याक्षरे त्यांचीच. पक्ष्यांतल्या विषाणूंमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार वर्षानुवर्षे ओळखीचे आहेत. म्हणजे जोड्या होऊ शकतात १४४. बहुतेक जोड्या रानबदकांच्या आतड्यात मुकाट्याने राहतात आणि बदकाला त्यांचा पत्ताही नसतो. निसर्गात कोंबड्यांच्या कळपांचा फडशा पाडण्याइतके घातक रूप घेतले आहे ते १६ पैकी दोनच प्रकारांनी, एच५ आणि एच७ यांनी. चौदा प्रकार गप्प राहतात आणि दोन पेटतात. असे का, याचे उत्तर विषाणूच्या संहितेत आहे.

१३,५००

कोंबडीची जनुकीय संहिता सुमारे १०५ कोटी अक्षरांची आहे. विषाणूची संहिता आहे सुमारे साडेतेरा हजार अक्षरांची. कोंबडीची संहिता विषाणूच्या ७८ हजार पट मोठी, आणि तरी एवढ्या मोठ्या संहितेचा जीव एवढ्याशा संहितेपुढे दोन दिवसांत आडवा होतो.

ही साडेतेरा हजार अक्षरे एका लांब धाग्यावर नसतात. त्यांचे आठ वेगळे तुकडे असतात. सर्वांत मोठे तुकडे जवळपास २,३०० अक्षरांचे, सर्वांत लहान ९०० च्या आत. एकाच पेशीत दोन वेगळ्या जातींचे विषाणू शिरले तर बाहेर पडणाऱ्या नव्या कणात कोणता तुकडा कोणाचा येईल याचा नेम नसतो. आठ तुकडे आणि प्रत्येकासाठी दोन पर्याय, म्हणजे दोनाचा आठवा घात, २५६ प्रकारची संतती. भारतातल्या कोंबड्यांत एच९एन२ नावाचा सौम्य विषाणू ठाण मांडून आहे. त्याने कोंबडी सहसा मरत नाही, त्यामुळे त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण एकाच कोंबडीत एच९एन२ आणि एच५एन१ एकत्र आले, तर त्या कोंबडीच्या एका पेशीत २५६ पर्याय खुले होतात.

१२ अक्षरे

हिमॅग्लुटिनिनचे प्रथिन पेशीतून तयार होऊन बाहेर पडते तेव्हा ते अखंड असते, आणि अखंड असेपर्यंत ते निकामी असते. एका ठरावीक जागी ते कापले गेले, त्याचे दोन तुकडे झाले, तरच विषाणूला पुढच्या पेशीत शिरता येते. हे कापायचे काम विषाणूकडे नसते. ते कोंबडीचीच विकरे करतात. विषाणूची घातकता ठरते ती यावर, की कोणते विकर ते कापू शकते.

सौम्य विषाणूत त्या जागेपाशी चार अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या विटांचा, क्रम साधारण असा असतो: अर्जिनिन, ग्लुटामिक आम्ल, थ्रिओनिन, अर्जिनिन. हा क्रम कापणारी विकरे श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, इतरत्र नसतात. म्हणून सौम्य विषाणू तेवढ्याच भागात वाढतो. कोंबडी थोडी शिंकते, अंडी कमी देते आणि बरी होते.

१९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये माणसांना मारणाऱ्या एच५एन१ मध्ये याच जागी आठ अमिनो आम्ले होती: अर्जिनिन, ग्लुटामिक आम्ल, मग तीन अर्जिनिन, दोन लायसिन आणि शेवटी पुन्हा एक अर्जिनिन. अर्जिनिन आणि लायसिन ही धनभारित आम्ले. आठांपैकी सात धनभारित. असा क्रम दिसला की फ्युरिन नावाचे विकर तो कापते, आणि फ्युरिन शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. झाले. विषाणूला आता मेंदू, हृदय, यकृत, स्वादुपिंड, रक्तवाहिन्यांचे अस्तर, सगळीकडे वाट मोकळी.

चारची आठ आम्ले, म्हणजे चार जास्त. प्रत्येक आम्लासाठी संहितेत तीन अक्षरे. एकूण फरक बारा जादा अक्षरांचा आणि एखाद्या बदललेल्या अक्षराचा. साडेतेरा हजारांत बारा. हजारात एकही पूर्ण भरत नाही. सर्दी आणि सर्वनाश यांच्यामधले अंतर एवढेच आहे.

ही अक्षरे येतात कुठून? एच५ आणि एच७ च्या संहितेत त्या जागेभोवती ठरावीक अक्षरांची पुनरावृत्ती असते. नक्कल करणारे विकर तिथे घसरते आणि तेच तेच अक्षर पुन्हा लिहीत जाते. बाकीच्या चौदा प्रकारांत हा घसरडा पट्टा सहसा नसतो. फक्त दोनच प्रकार का पेटतात, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते.

३.००

एखादा विषाणू किती घातक आहे हे मोजायची जागतिक पशुआरोग्य संघटनेची एक पट्टी आहे. सहा आठवड्यांच्या दहा कोंबड्यांना शिरेतून विषाणू टोचतात आणि दहा दिवस रोज पाहतात. कोंबडी ठणठणीत असेल तर ०, आजारी असेल तर १, खूप आजारी असेल तर २, मेली असेल तर ३. दहा कोंबड्या गुणिले दहा दिवस, म्हणजे शंभर नोंदी. बेरजेला शंभराने भागायचे. उत्तर १.२ च्या वर गेले की विषाणू अतिघातक ठरतो.

या पट्टीवर सर्वांत वरचा आकडा ३.०० आहे. तो मिळवायचा असेल तर दहाच्या दहा कोंबड्या पहिल्याच दिवशी मेलेल्या असाव्या लागतात. एच५एन१ चे कित्येक वाण या आकड्याच्या अगदी जवळ जातात. कोंबड्यांच्या शेडमध्ये याचा अर्थ असा, की संध्याकाळी दाणे टिपणारा कळप दुसऱ्या दिवशी मान टाकून असतो. तुरे निळे पडलेले, डोकी सुजलेली, पायांवर रक्ताचे ठिपके. आणि कधी कधी एवढेही दिसायला वेळ मिळत नाही.

३,३०० वेळा

विषाणू वाढवायला प्रयोगशाळेत कोंबडीचीच अंडी वापरतात. चांगल्या वाढलेल्या अंड्याच्या द्रवात एका मिलिलिटरमागे दहा कोटी ते शंभर कोटी संसर्गक्षम मात्रा भरतात. हिशेबासाठी शंभर कोटी धरू.

आता चुकांकडे. आपल्या पेशी जनुकांची नक्कल करताना चुका तपासतात. हा विषाणू तपासत नाही. त्याच्या चुकांचा दर मोजण्याच्या पद्धतीनुसार वेगवेगळा येतो: सुमारे लाख अक्षरांमागे एक, ते दहा हजार अक्षरांमागे दोन. आपण कमीत कमी, म्हणजे लाखात एक धरू. प्रत्येक अक्षर तीन वेगळ्या अक्षरांपैकी एकात बदलू शकते. त्यामुळे एखादी नेमकी चूक, नेमक्या जागी आणि नेमक्या अक्षरात, होण्याची शक्यता तीन लाखांत एक. शंभर कोटी नकला भागिले तीन लाख, म्हणजे सुमारे ३,३०० वेळा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या संहितेत एका अक्षराचे जेवढे बदल कागदावर शक्य आहेत, ते सगळे मिळून सुमारे ४०,५०० होतात. द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये यातला प्रत्येक बदल सरासरी ३,३०० वेळा होऊन गेलेला असतो. बहुतेक बदल विषाणूलाच अपंग करतात आणि तिथेच संपतात. पण विषाणूला नशिबाची वाट पाहावी लागत नाही. एका अक्षराचा फायदेशीर बदल असेल, तर तो आधीच झालेला असतो.

दोन नेमके बदल एकाच कणात, एकाच वेळी होण्याची शक्यता मात्र एकदम खाली येते. तीन लाख गुणिले तीन लाख, म्हणजे नऊ हजार कोटींत एक. एका मिलिलिटरला ते जमत नाही, नव्वद मिलिलिटरला जमते. म्हणजे नऊ-दहा अंडी.

हे गणित कागदापुरते आहे असे वाटत असेल तर अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हानियाकडे पाहा. एप्रिल १९८३ मध्ये तिथल्या कोंबड्यांत एच५एन२ चा सौम्य विषाणू आला. ऑक्टोबरपर्यंत तोच विषाणू कळपच्या कळप मारू लागला. शास्त्रज्ञांनी दोन्ही विषाणूंची तुलना केली. कापायच्या जागेजवळ साखरेच्या रेणूचे एक आवरण होते. एका अक्षराच्या बदलाने ते निघून गेले आणि जागा उघडी पडली. त्या एका अक्षरापायी एक कोटी सत्तर लाख पक्षी मारावे लागले.

१५,१८६

कोंबडीवाल्यांना बर्ड फ्लूपेक्षा जुनी आणि रोजची धास्ती आहे ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. मान पिळवटते, पंख लुळे पडतात, हिरवी हगवण लागते आणि परसातला कळप चार-सहा दिवसांत रिकामा होतो. जगाला हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला प्रथम कळला. लगेच दोनएक वर्षांत तो कुमाऊंमधल्या रानीखेतला नोंदला गेला आणि भारतात त्याच गावाचे नाव त्याला चिकटले.

मानमोडीचा विषाणू वेगळ्या कुळातला. त्याची संहिता अखंड, एका धाग्याची, अनेक वाणांत १५,१८६ अक्षरांची. या आकड्याला सहाने भागा: २,५३१, बाकी शून्य. काही वाणांत ती १५,१९२ अक्षरांची असते, काहींत १५,१९८. तिथेही सहाने नि:शेष भाग जातो. कारण या विषाणूचे वेष्टन-प्रथिन सहा सहा अक्षरांवर एकेक बसते. एखादे अक्षर जास्त झाले तर हिशेब बिघडतो आणि नक्कलच नीट होत नाही. म्हणून बर्ड फ्लूप्रमाणे अक्षरे घुसवायची सोय याला जवळजवळ नाही. जे करायचे ते अक्षरे बदलूनच.

आणि नेमकी तीच युक्ती यालाही साधली आहे. याच्या पेशीत शिरणाऱ्या प्रथिनालाही एका जागी कापून घ्यावे लागते. ११२ ते ११७ या सहा आम्लांच्या जागेत सगळे ठरते. लासोटा ही लस, जी आपण पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतो, तिच्यात या जागी धनभारित आम्ले कमी आणि शेवटी ल्युसिन. मारक वाणात धनभारित आम्ले जास्त आणि शेवटी फेनिलअॅलनिन. कापणारे विकर पुन्हा तेच, फ्युरिन. दोन विषाणू, दोन कुळे, आणि मारायची पद्धत एकच.

ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये काय झाले ते यामुळेच महत्त्वाचे. तिथे निरुपद्रवी राणीखेत विषाणू कोंबड्यांत बरीच वर्षे फिरत होता. एके दिवशी सिडनीच्या पश्चिमेला मारक विषाणू सापडला. तपासात कळले की तो बाहेरून आलेला नाही, घरच्याच विषाणूत कापायच्या जागी दोन अक्षरे बदलली आहेत. पंधरा हजारांत दोन. पुढच्या वर्षी मँग्रोव्ह माउंटन भागात रोग पसरला तेव्हा १९ लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले. मघाशी दोन नेमक्या बदलांसाठी नऊ-दहा अंडी पुरतात असा हिशेब निघाला होता. ऑस्ट्रेलियाने विषाणूला लाखो कोंबड्या आणि अनेक वर्षे दिली होती.

अर्थात घातकता एवढ्याच एका जागेत भरलेली आहे असे समजू नये. मुक्तेश्वर वाणापासून बनवलेली आर-टू-बी ही भारतीय लस आठ आठवड्यांवरच्या कोंबड्यांना टोचतात. तिच्यात कापायची जागा अगदी मारक विषाणूसारखीच आहे. तरी ती मध्यम स्वरूपाची आहे, मोठ्या कोंबडीला पेलते. कोवळ्या पिलाला मात्र झेपत नाही. याचा अर्थ उरलेल्या १५ हजार अक्षरांतही काहीतरी आहे, जे आग वाढवते किंवा धरून ठेवते. पहिली अट मात्र ती सहा आम्लांचीच.

८५ कोटी

आतापर्यंतचे आकडे विषाणूचे झाले. आता आपले.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. महाराष्ट्रात ७.४३ कोटी. देशभरातले ३१.७ कोटी पक्षी परसातले, म्हणजे अंगणात, गोठ्यात, रानबदकांच्या तळ्याकाठी मोकळे फिरणारे. बाकीचे शेडमध्ये. ब्रॉयलर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा शेड रिकामी होते आणि पुन्हा नव्या, रोग न पाहिलेल्या पिलांनी भरते. २०२३-२४ मध्ये देशाने १४,२७७ कोटी अंडी पिकवली. सेकंदाला साडेचार हजार.

जगाचा आकडा आणखी मोठा आहे. कोणत्याही क्षणी पृथ्वीवर अडीच हजार कोटींहून जास्त कोंबड्या जिवंत असतात. जगातल्या सगळ्या पाळीव पक्ष्यांचे वजन सगळ्या रानपक्ष्यांच्या वजनाच्या जवळपास तिप्पट भरते. गरुडापासून चिमणीपर्यंत आणि शहामृगापासून पट्टकादंब हंसापर्यंत सगळे एका पारड्यात घातले तरी आपली कोंबडी भारी पडते.

रानबदकांच्या आतड्यात हा विषाणू फार पूर्वीपासून आहे आणि तिथे तो सौम्य राहतो, कारण मेलेले बदक उडत नाही आणि विषाणूला पुढे नेत नाही. दहा हजार कोंबड्या एका छताखाली असल्या की ही अट उरत नाही. शेजारची कोंबडी दोन वितींवर असते. मारून टाकले तरी विषाणूचे काही अडत नाही. घातक रूपाला मुभा देणारी परिस्थिती ही अशी, आणि ती आपणच उभी केली आहे.

१९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात आजच्या एच५एन१ चा पूर्वज सापडला. पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, सहा दगावली. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी मेले. त्यात सर्वाधिक होते पट्टकादंब, जे हिवाळ्यात विदर्भाच्या तळ्यांवरही उतरतात. १८ फेब्रुवारी २००६ ला भारतातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जाहीर झाला. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये चाळीस लाखांहून जास्त पक्षी मारले गेले. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून तीन वर्षांत सोळा कोटींवर पक्षी गेले. आणि २०२५ च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पडू लागले, त्यांच्यातही एच५एन१ निघाला.

६२७ वी जागा

वाघ कसे मेले, याच्याकडे आता येता येते.

पक्ष्याच्या पेशीत वाढायला सरावलेला विषाणू सस्तन प्राण्याच्या पेशीत अडखळतो. कारण विषाणूच्या नक्कल करणाऱ्या विकराला पेशीतल्या एका प्रथिनाची मदत लागते. कोंबडीत त्या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. वाघात, मांजरात, माणसात तो नसतो. विषाणूचे यंत्र त्या तुकड्याला धरून चालते. तुकडा नसला की मंदावते.

यावर विषाणूकडे एक उपाय आहे. त्याच्या पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. तिथे लायसिन आले की ३३ आम्लांची उणीव भरून निघते. बदल एका अक्षराचा. आणि एका अक्षराचा बदल शंभर कोटी नकलांत किती वेळा होतो, हे आपण वर पाहिले आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये थायलंडमधल्या श्रीराचा इथल्या व्याघ्र उद्यानात ४४१ वाघ होते. त्यांना कच्ची कोंबडी दिली जात होती. १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. त्या वाघांमधल्या विषाणूत ६२७ व्या जागी लायसिन सापडले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हिएतनाममधल्या दोन प्राणिसंग्रहालयांत ४७ वाघ, तीन सिंह आणि एक ब्लॅक पँथर गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी गोरेवाडा. आणि जानेवारी २०२५ मध्ये, नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत एच५एन१ निघाला.

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. कोंबड्या आहेत ७.४३ कोटी. एका वाघामागे एक लाख सदुसष्ट हजार कोंबड्या. वाघाला वाचवायचे असेल तर या दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्यावे लागेल.

माणसाचा आकडाही सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेकडे २००३ ते जानेवारी २०२५ या काळात एच५एन१ ची लागण झालेली ९६४ माणसे नोंदली गेली. ४६६ दगावली. नोंदलेल्या शंभरांत ४८. सौम्य लागण झालेले पुष्कळ जण मोजणीत आलेच नसणार, त्यामुळे खरा दर याहून कमी असेल. आणि माणसाकडून माणसाकडे हा विषाणू अजून सहज जात नाही. नीट शिजलेल्या कोंबडीतून तो येत नाही. ७० अंशांच्या वर सर्वत्र तापलेल्या मांसात तो टिकत नाही, आणि सावजीचा रस्सा त्याहून बराच वर उकळतो. धोका आहे तो कच्चे मांस, आजारी पक्षी आणि त्यांची विष्ठा हाताळण्यात.

३२ रुपये

उद्रेक जाहीर झाला की एक किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र बाधित ठरते आणि तिथले पक्षी मारले जातात. दहा किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रावर निगराणी राहते. दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ ३१४ चौरस किलोमीटरचे होते. नागपूर महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे २२७. एका शेडमधल्या एका नमुन्यामुळे अख्ख्या नागपूर शहराहून मोठा भूभाग नजरेखाली येतो.

हे सगळे सुरू व्हायला मात्र एका माणसाने पहिला फोन करावा लागतो. तो माणूस म्हणजे कोंबडीवाला. २००६ ते २०१८ या काळात देशात २२५ ठिकाणी बर्ड फ्लू निघाला, ८३.४९ लाख पक्षी मारले गेले आणि २६.३७ कोटी रुपये भरपाई दिली गेली. भागाकार करून पाहा. एका पक्ष्यामागे ३२ रुपयेही पडत नाहीत. अंड्यावर आलेली कोंबडी उभी करायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. मग मर लागली तर गुपचूप खड्डा खणायचा, उरलेला माल कमी भावात काढायचा, हा मोह होतो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने रोग कळवणे मालकावर बंधनकारक आहे. पण कायदा एका बाजूला आणि ३२ रुपये दुसऱ्या बाजूला, असे असताना फोन उशिरा येतो. हा उशीर म्हणजे विषाणूला मिळालेले जास्तीचे दिवस, जास्तीच्या कोंबड्या आणि प्रत्येक कोंबडीत कोट्यवधी नकला.

विषाणूची अक्षरे आपण बदलू शकत नाही. त्याच्या चुकांचा दरही आपल्या हातात नाही. गुणाकारातली एकच संख्या आपली आहे: त्याला मिळणाऱ्या कोंबड्या आणि दिवस. मानमोडीसाठी ही संख्या कमी करणे सोपे आहे, कारण लस आहे, स्वस्त आहे, आणि पुण्यात शासनाचीच संस्था ती बनवते. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी एवढे ज्याने चुकवले नाही, त्याचा कळप सहसा जात नाही. बर्ड फ्लूसाठी आपले आतापर्यंतचे धोरण शोधून नष्ट करण्याचे आहे, त्यामुळे तिथे वेग हाच इलाज. भरपाई बाजारभावाच्या जवळ आणि आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे, ही मागणी दयेपोटी नाही. तीच सर्वांत स्वस्त निगराणी आहे.

आणि वाचकांसाठी. एकाच जागी पाच-दहा कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका, फोटो फिरवत बसू नका. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. घरच्या मांजराला कच्ची कोंबडी घालू नका. परसात कोंबड्या असतील तर मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरा. एक दिवस लवकर आलेला फोन हा या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा आहे.